रकाना कोण आखणार? हेल्थ इन्फॉर्मॅटिक्स आणि आपली मुले

बारावीचा निकाल लागला की वर्धा, देवळी, हिंगणघाट, आर्वीकडून पालकांचे फोन सुरू होतात. ‘ताई, पोरीले नर्सिंगले टाकू का डीएमएलटीले?’ हा जुना प्रश्न. गेल्या दोन-तीन वर्षांत त्याच्या जोडीला नवा प्रश्न आला आहे : ‘ते हेल्थ इन्फॉर्मॅटिक्स का काय म्हणतात, ते कसं आहे? नोकरी लागते काय?’ फोनवर याचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून या वेळचे आरोग्याचे पान त्यासाठी घेतले आहे.

आधी हे आहे काय, ते सांगू. रुग्णालयाच्या खिडकीवर केसपेपर निघतो तिथपासून आपली माहिती चालू लागते. नाव, वय, गाव, प्रवर्ग, तपासण्या, निदान, दिलेले औषध, सुट्टीचा कागद. ही माहिती कोणत्या रकान्यात कशी लिहायची, ती एका संगणकातून दुसऱ्या संगणकात चुकीशिवाय कशी जायची, ती कोणी पाहायची आणि कोणी नाही, तिची बेरीज करून गावात कोणता आजार वाढतो आहे हे कसे ओळखायचे, या सगळ्याचे शास्त्र म्हणजे हेल्थ इन्फॉर्मॅटिक्स. म्हणजे हे टायपिंग नव्हे, संगणक दुरुस्तीही नव्हे. आमच्या काळात वॉर्डातली सिस्टर जे काम रिपोर्ट बुकात, जन्म-मृत्यूच्या रजिस्टरमध्ये आणि महिनाअखेरच्या तक्त्यात करायची, त्याचेच हे मोठे रूप आहे.

सरकारदरबारी या क्षेत्राला आता जागा मिळाली आहे. 2021 साली संसदेने सहयोगी आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात व्यवसायांचे जे दहा गट आहेत त्यांत आरोग्य माहिती व्यवस्थापन आणि हेल्थ इन्फॉर्मॅटिक्स हा एक स्वतंत्र गट आहे. त्याच 2021 साली भारतीय परिचर्या परिषदेने बीएस्सी नर्सिंगचा अभ्यासक्रम बदलला आणि दुसऱ्या सत्रात हेल्थ/नर्सिंग इन्फॉर्मॅटिक्स हा विषय घातला. चाळीस तास वर्गात, चाळीस तास संगणकावर. म्हणजे तुमची मुलगी बीएस्सी नर्सिंगला गेली तरी हा विषय तिच्या वाट्याला येणारच आहे. वेगळी पदवी घ्यायची की नाही, हा पुढचा प्रश्न.

आपला जिल्हा या बाबतीत मागास नाही. सेवाग्रामला 1969 पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे, सावंगीला दत्ता मेघे अभिमत विद्यापीठ आहे, दोन्हीकडे नर्सिंगचे शिक्षण आहे. सेवाग्रामच्या रुग्णालयात 2000 नंतरच्या दशकातच सी-डॅकच्या मदतीने संगणकावर नोंदी सुरू झाल्या, तेव्हा मोठमोठ्या शहरांतली रुग्णालये कागदावरच होती. पण आम्हाला सेवाग्रामची त्याहून जुनी गोष्ट महत्त्वाची वाटते. तिथे डॉक्टर होऊ पाहणारी प्रत्येक नवी तुकडी एक गाव दत्तक घेते, गावात मुक्काम करते, विद्यार्थ्यांना कुटुंबे वाटून दिली जातात आणि त्यांनी त्या घरांची आरोग्याची नोंद ठेवायची असते. घरात शौचालय आहे का, पाणी कुठून येते, बाळाचे वजन किती. संगणकाचे नाव नव्हते तेव्हापासून हे चालू आहे. माहितीचा उगम उंबरठ्यावर होतो, स्क्रीनवर नाही, हे त्या मुलांना चालत जाऊन कळते.

आम्ही काही परिचारिका आणि वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्या मिळून गेल्या काही महिन्यांत हा विषय शिकणाऱ्या मुलींशी आणि तो शिकवणाऱ्या बाईंशी बोललो. ही पाहणी नव्हे, टक्केवारी मागू नये. कोण कुठल्या कॉलेजची तेही लिहीत नाही, त्यांना तिथेच परीक्षा द्यायची आहे किंवा तिथेच पगार घ्यायचा आहे.

मुलींचे म्हणणे बरेचसे सारखे निघाले. विषयाचे नाव ऐकून उत्सुकता वाटली होती. प्रत्यक्षात संगणकाचे भाग, वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट, इंटरनेटचे फायदे-तोटे यातच बरेचसे तास गेले. ज्यांच्या घरी लॅपटॉप आहे त्यांना ते आधीच येत होते. ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांना एका संगणकावर तिघी-चौघी बसून माऊस हाती येईपर्यंत तास संपत होता. आणि आपल्या मुली कोणत्या बाजूला असतात हे सांगायला नको. एकीने फार नेमके सांगितले : परीक्षेत आम्ही इलेक्ट्रॉनिक हेल्थ रेकॉर्डचे दहा फायदे लिहिले, पण एक खरे रेकॉर्ड उघडून पाहिले नाही.

शिकवणाऱ्या बाईंची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांच्यापैकी बहुतेकींनी स्वतः हा विषय कधी शिकलेला नाही, कारण त्यांच्या वेळी तो नव्हताच. वेळापत्रक करताना ज्या मॅडमला प्रोजेक्टर लावता येतो तिच्या नावापुढे हा पेपर पडतो. रुग्णालयाची संगणक यंत्रणा विद्यार्थिनींसाठी उघडायला परवानगी मिळत नाही, आणि ती मिळू नये हेही बरोबर, कारण त्यात खऱ्या रुग्णांची नावे आहेत. मग नावे काढलेल्या सरावाच्या नोंदी कोणीतरी तयार करून द्यायला हव्यात. त्या कोण देणार? एका अनुभवी बाईंचे मत वेगळे होते. त्या म्हणाल्या, मुलीला आधी नाडी मोजता आली पाहिजे, नाडी चुकली तर सॉफ्टवेअरमध्ये चुकीचा आकडा सुबक दिसेल एवढेच. आम्हाला हे पटते. पण नाडी नीट मोजणाऱ्या मुलीलाच विचारले पाहिजे की तुझा आकडा पुढे कुठे जातो, ते तुला ठाऊक आहे का. बहुतेकींना ठाऊक नसते.

हा सारा विषय आपल्या घराशी कसा भिडतो ते सिकलसेलवरून पाहू. विदर्भातल्या बौद्ध वस्तीत हा आजार नवा नाही. 1958 साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल लॅन्सेट या नियतकालिकात लिहिले होते. म्हणजे साठ वर्षांहून जास्त काळ वैद्यकशास्त्राला तो आपल्या भागात ठाऊक आहे. आता गावोगाव तपासणी होते. बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी नावाची साधी चाचणी करतात. ही चाचणी एवढेच सांगते की रक्तात सिकलचे हिमोग्लोबिन आहे. ज्याला आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच तो जनुक आला तो वाहक, त्याला एएस म्हणतात. तो सहसा धडधाकट असतो, शेतात राबतो, पोलीस भरतीत धावतो. ज्याला दोघांकडून आला तो रुग्ण, म्हणजे एसएस; त्याला हाडे फोडणाऱ्या कळा येतात, रक्त चढवावे लागते. सोल्युबिलिटीत हे दोघेही पॉझिटिव्ह. कोण वाहक आणि कोण रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी केल्याशिवाय कळत नाही. तान्ह्या बाळात तर सोल्युबिलिटीवर भरवसा ठेवता येत नाही, कारण पहिल्या काही महिन्यांत रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन भरपूर असते. नुकतेच रक्त चढवले असेल तर एचपीएलसीचा अहवालही फसवतो.

आता विचार करा, कोणीतरी सॉफ्टवेअर तयार करताना एकच रकाना ठेवला : सिकलसेल पॉझिटिव्ह की निगेटिव्ह. कोणती चाचणी केली ते लिहायला जागा नाही, वय किती होते ते दुसऱ्या पानावर, पक्की तपासणी झाली की नाही ते कुठेच नाही. त्या एका शब्दात धडधाकट वाहक मुलगी आणि आजारी मुलगी एकच होऊन जातात. वस्तीत बातमी पसरते ती ‘सिकलवाली’ एवढीच. लग्न जमत आलेले मोडते. वास्तविक दोन्ही जोडीदारांत तो जनुक असेल तेव्हाच धोका असतो, आणि दोघेही वाहक असतील तेव्हाही प्रत्येक गरोदरपणात आजारी बाळाची शक्यता चारात एक असते. एक जोडीदार पूर्ण निरोगी असेल तर बाळ एसएस होत नाही. हे समजावून सांगायला समुपदेशक लागतो, पण त्याच्याही हातात रकान्यात काय लिहिले आहे तेवढेच असते. आम्ही असे कार्ड पाहिले आहे ज्यावर नुसते ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेले होते आणि मुलीच्या आईने ते ट्रंकेच्या तळाशी ठेवले होते. पुढे त्या मुलीला बाळंतपणाच्या वेळी सासरच्या दवाखान्यात ते दाखवायचे धाडस झाले नाही.

याला आम्ही हेल्थ इन्फॉर्मॅटिक्सचा धडा म्हणतो. चार रकाने हवेत : चाचणी कोणती, तारीख आणि वय, निकाल एए, एएस की एसएस, आणि पक्की तपासणी बाकी आहे का. हे सुचायला मोठी पदवी लागत नाही, पण वॉर्डात आणि वस्तीत उभे राहिलेले कोणीतरी त्या टेबलावर बसलेले असावे लागते. पुण्या-मुंबईच्या काचेच्या इमारतीत बसलेल्या मुलाला ट्रंक दिसत नाही, त्यात त्याचा दोष नाही.

दुसरा मुद्दा प्रवर्गाचा. यावर मुलींमध्येच चांगला वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. 1 जुलै 2023 ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. 2047 पर्यंत आजार संपवायचा, आदिवासी भागातल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची असे तिचे लक्ष्य सांगितले गेले. आदिवासी बांधवांत हा आजार आहे, त्यांना आधी मिळालेच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण विदर्भात तो आदिवासींसोबत आपल्यातही आहे. नोंदीत अनुसूचित जमाती आणि ‘इतर’ एवढेच दोन कप्पे ठेवले तर आपली मुले ‘इतर’मध्ये विरघळून जातील. मग पुढच्या वर्षी औषधाचा, एचपीएलसी यंत्राचा, समुपदेशकाचा वाटा ठरताना आकडा कोणाच्या बाजूने बोलणार?

धर्माच्या रकान्याचीही तीच कथा आहे. नोंदणीच्या पडद्यावर हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख आणि ‘इतर’ अशी यादी उघडते, खिडकीवरचा माणूस मागची रांग पाहून पहिला पर्याय दाबतो. आणि बौद्ध असे सांगितले तर प्रवर्गाच्या रकान्यात ‘मग ओपन लिहू का?’ असे विचारणारेही भेटतात. 1990 साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती लागू झाल्या, त्याला पस्तीस वर्षे होऊन गेली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या अहवालात ‘बौद्ध/नवबौद्ध’ अशी स्वतंत्र ओळ असते. सर्वेक्षणाला जे जमते ते रुग्णालयाच्या खिडकीला न जमायला काही कारण नाही.

एका विद्यार्थिनीचे म्हणणे याच्या अगदी उलट होते. ती म्हणाली, ताई, तो रकानाच काढून टाका. मला वॉर्डात माझी जात कोणी विचारू नये, माझ्या पेशंटलाही विचारू नये. सिकलसेल म्हटले की डॉक्टरांच्या आधी शिपाई आडनाव ओळखतो. तिचा राग खोटा नाही. खोलीतल्या बाकीच्या थोडा वेळ गप्प झाल्या. मग दुसरी म्हणाली, रकाना काढला तर आपण मेलो तरी मोजले जाणार नाही.

आमचे मत असे आहे. मोजणी हवी, नावाची यादी नको. बेरजेत प्रवर्ग आणि धर्म दिसला पाहिजे, पण कोणत्या गावातली कोणती मुलगी वाहक आहे हे उपचार करणाऱ्याखेरीज कोणाला दिसता कामा नये. संगणकात हे करता येते. कोणी काय पाहायचे याच्या वेगवेगळ्या किल्ल्या देता येतात, कोणी कधी पाहिले याची नोंद राहते. कागदी रजिस्टरमध्ये ते शक्य नव्हते, ते टेबलावर उघडे पडलेले असायचे. म्हणून आम्ही संगणकाच्या विरोधात नाही. किल्ल्या नीट वाटलेल्या नाहीत, याच्या विरोधात आहोत. तपासणीची यादी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात फोटो काढून टाकली जाते तेव्हा कुठलीही किल्ली उरत नाही, आणि ही सवय सगळीकडे आहे. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, पण त्यात आरोग्याच्या माहितीसाठी वेगळा, जास्त कडक वर्ग ठेवलेला नाही. 14 अंकी आभा क्रमांक काढून देताना संमती घ्यायची असते. ती कशाची संमती आहे हे रांगेतल्या आजीला किती जण मराठीत समजावतात, ते वाचकांनीच आठवून पाहावे.

यंत्रणा कोसळते तेव्हा काय होते तेही अभ्यासक्रमात हवे. 23 नोव्हेंबर 2022 ला दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर हल्ला झाला आणि एवढ्या मोठ्या रुग्णालयात कित्येक दिवस हाताने केसपेपर लिहावे लागले. त्याच वर्षी पावसाळ्यात आपल्या राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतली जुनी संगणक यंत्रणाही बंद पडली आणि रुग्ण जुन्या कागदांसाठी खिडक्या फिरत राहिले. ज्या मुलीला रजिस्टर ठेवता येते तीच अशा दिवशी वॉर्ड चालवते. हा धडा नर्सिंगच्या बाई उत्तम शिकवू शकतील, त्यासाठी त्यांना प्रोजेक्टरचीही गरज नाही.

आणि आशाताईंना विसरून चालणार नाही. सगळी माहिती मुळात त्याच गोळा करतात. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये राज्यातल्या आशाताई संपावर गेल्या, तेव्हा मानधनाबरोबर ऑनलाइन कामाची सक्ती हाही मुद्दा होता. विद्यापीठात या विषयाची पदवी घेणाऱ्याला आधी महिनाभर एका आशाताईसोबत फिरायला लावावे, असे आम्हाला वाटते. मोबाइलला रेंज नसलेल्या टेकडीवर फॉर्म भरताना त्याला कळेल की आपण पंचवीस प्रश्न उगाच विचारले.

आता पालकांच्या प्रश्नाकडे. पाठवायचे की नाही? पाठवा, पण विचारून पाठवा. पहिली गोष्ट, मेडिकल कोडिंगचे क्लास आणि हेल्थ इन्फॉर्मॅटिक्सची पदवी एक नव्हेत. कोडिंगमध्ये आजार आणि उपचार यांना ठरलेले क्रमांक देतात. त्यातले बरेचसे काम अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या बिलांसाठी असते. ते प्रामाणिक काम आहे, त्यातून घर चालते, पण काही महिन्यांच्या क्लासला पदवीची फी देऊ नका. दुसरे, अभ्यासक्रम 2021 च्या कायद्याखालच्या आयोगाच्या चौकटीत बसतो का, हे प्रवेशाच्या टेबलावर लेखी मागा. नुसते ‘युनिव्हर्सिटीचा कोर्स आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. तिसरे, संस्था खाजगी किंवा अभिमत असेल तर अनुसूचित जातीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती त्या अभ्यासक्रमाला लागू आहे का, महाडीबीटीच्या यादीत त्याचे नाव आहे का, हे फी भरण्याआधी समाजकल्याण कार्यालयात जाऊन पाहा. कर्ज काढून पहिली फी भरायची आणि मग शिष्यवृत्ती बसत नाही असे कळायचे, हे आपल्या घरांत पुन्हा पुन्हा घडते.

मग शिकवण्याबद्दल विचारा. खऱ्या, नावे काढलेल्या नोंदींवर सराव देता का? शिकवणाऱ्यांपैकी रुग्णालयात काम केलेले किती? एका संगणकामागे किती विद्यार्थी? आयसीडी आणि स्नोमेड सीटी शिकवता का? भारत 2014 पासून स्नोमेडचा सदस्य आहे, इथे ते वापरायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे ‘महाग आहे’ हे कारण कोणी सांगू नये. गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलांचा फोन मागा, पत्रकावरचे फोटो पाहून परत येऊ नका.

आणि जिची इच्छा असेल तिने आधी नर्सिंग करून मग या क्षेत्राकडे वळावे, हा आमचा आपला कल आहे. सगळ्यांना तो पटेल असे नाही. गणितात हुशार, रक्त पाहून घेरी येणारी मुलेही आपल्या घरांत आहेत, त्यांना सरळ पदवीची वाट आहे. पण ज्या मुलीने रात्रपाळीत कळांनी तळमळणाऱ्या सिकलच्या पोराला सलाइन लावले आहे, ती ‘पॉझिटिव्ह’ एवढाच शब्द लिहून पुढे जाणार नाही.

ज्या विद्यार्थिनींकडे दुसऱ्या सत्राच्या या पेपरसाठी संगणक नाही त्यांनी आपल्या विहाराच्या अभ्यासिकेत चौकशी करावी. जिथे संगणक आहे तिथे रविवारी दोन तास आम्ही बसतो. घरी सिकलसेलचे कार्ड असेल तर त्यावर चाचणीचे नाव आहे का ते पाहावे, नसेल तर कार्ड घेऊन उपकेंद्रातल्या सिस्टरकडे जावे आणि पक्क्या तपासणीची तारीख मागावी.